रोड नंबरवाल्यांची रोषणाई

औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत म्हणजे आमची ठाण्यातली वागळे इस्टेट. इथे पत्ते नंबरानेच सांगतात: रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. कारखान्यांच्या आसऱ्याने किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर भरत गेलं आणि कोकणातून, घाटावरून आलेल्यांबरोबर सार्वजनिक गणपतीही आला. मी इथल्याच आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला, पुढे मोटार वाइंडिंगमध्ये हात काळे केले. त्यामुळे आमच्या गणपतीची गोष्ट मी मूर्तीपासून नाही, रोलरपासून सांगणार.

रोलर म्हणजे लाकडी रूळ. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, वर टेकलेली पितळी पाती, बाजूला गियरची मोटार. रूळ फिरला की पाती पट्टीला लागतात आणि दिवे आळीपाळीने पेटतात. कालियामर्दनाच्या देखाव्यात यमुना वाहती दाखवायची तर तीन लाइनी ओढायच्या. पहिला, चौथा, सातवा दिवा एका लाइनीवर, दुसरा, पाचवा, आठवा दुसरीवर, उरलेले तिसरीवर. पाणी सरकल्यासारखं दिसतं. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस दिवे सिरीजमध्ये जोडले की २३० व्होल्ट पेलतात, पण एक उडाला की अख्खी माळ बंद. मग टेस्टर घेऊन शोधत बसा! नागाचा फणा डोलवायला ट्रकच्या वायपरची मोटार, ट्यूबलाइटवर निळा जिलेटिन पेपर.

हे एकट्याचं काम नव्हतंच. रूळ टर्नर कातून द्यायचा, सांगाडा फिटर जोडायचा, पडदा कंपनीतला पेंटर रंगवायचा. इस्टेटीला सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी मांडवात गर्दी कारागिरांची असायची. भांडणंही ठरलेली: पेंटरला अंधार हवा, आम्हाला प्रत्येक दिवा दिसायला हवा. बहुतेक वेळा पेंटरचंच बरोबर असायचं.

बंगालात चंदननगरला श्रीधर दास यांनी जगद्धात्री पूजेत असंच रोलरवरच्या दिव्यांचं काम केलं आणि त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. तिथे त्याचा धंदा झाला, वस्तीच्या वस्ती त्यावर जगली. आमच्याकडे ते वर्गणीतलं, फुकटातलं काम राहिलं. विसर्जन झालं की रूळ मोडून लाकूड दुसऱ्या कामाला.

पुढे कारखाने हलले, काही बंद पडले, त्यांच्या जागी काचेची आयटी पार्क आली. रोलरच्या जागी आधी दिवे आळीपाळीने पेटवणारा इलेक्ट्रॉनिक चेसर आला, मग पिक्सेल एलईडी. आता नक्षी मेमरी कार्डात भरून येते, भाड्याने. वीज कमी खाते आणि पावसात शॉकची भीती कमी, हे मला मान्यच आहे. पण देखावा कुणी जोडला हे मांडवातल्या कुणालाच माहीत नसतं.

आज याच कामाला प्रकाशशिल्प म्हणतात आणि कलाकाराच्या नावाची पाटी लागते. लागू दे. मंडळांना एकच सांगणं: अहवालात वर्गणीदारांच्या याद्या छापता, जुन्या अहवालांतले देखाव्याचे फोटो काढा आणि टर्नर, फिटर, वायरमन, पेंटर कोण होते ते हयात असलेल्यांना विचारून यंदाच्या अहवालात छापा.