एक अंगावर, एक दांडीवर

आजचा प्रश्न: रील नव्हती तेव्हा लोह्यात 'या सीझनला नवीन काय' हे कोण ठरवायचं? कापूस! शेतकऱ्याच्या घरी बाईची लुगडी बहुतेक दोनच, एक अंगावर, एक दांडीवर. कापसाचे पैसे आले की नवं, म्हणजे मार्गशीर्षातल्या माळेगाव यात्रेच्या नाहीतर संक्रांतीच्या सुमारास. संक्रांतीला काळी चंद्रकळा, कारण थंडीत काळा रंग ऊब धरतो. जुनं झालेलं ९ वार सुती लुगडं वाकळीत जायचं. पुढं सिंथेटिक पाचवारी आली. स्वस्त, धुवायला हलकी, लवकर वाळणारी; बायांचे कष्ट खरंच वाचले. पण तिची तशी मऊ वाकळ होत नाही. म्हणून कपाटं भरली, वाकळी संपल्या. तुमच्या घरी एखादी उरलीय का? आजीला विचारा, त्यात कुणाकुणाची लुगडी आहेत.