निवडक कॉलमांना फंक्शन लावणे : आर भाषा
तक्त्यातल्या काही कॉलमांवर एकच क्रिया करायची आणि बाकीचे कॉलम जसेच्या तसे ठेवायचे, ही विदा-विश्लेषणातली नित्याची गरज. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेल्या आर भाषेत ती सहज भागते, कारण तिथला तक्ता, म्हणजे डेटाफ्रेम, ही मुळात सारख्या लांबीच्या कॉलमांची यादी असते. यादीतल्या प्रत्येक घटकाला फंक्शन लावणारे ‘एलअप्लाय’ त्यामुळे आपोआप कॉलमागणिक चालते.

आरसोबत येणारा ‘आयरिस’ हा तक्ता उदाहरणाला उत्तम. एडगर अँडरसन यांनी मोजलेली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ च्या निबंधात वापरलेली ही १५० फुलांची मापे. चार कॉलम आकड्यांचे, पाचवा प्रजातीच्या नावाचा. पहिले चार निवडून सरासरी काढली की निदलाची लांबी ५.८४, रुंदी ३.०६ सेंटिमीटर अशी उत्तरे मिळतात. तेच काम ‘अप्लाय’ या दुसऱ्या फंक्शनने पाचही कॉलमांवर केले तर एकही सरासरी हाती लागत नाही. ‘अप्लाय’ आधी तक्त्याचे मॅट्रिक्स करते. मॅट्रिक्समध्ये सगळ्या किमती एकाच प्रकारच्या असाव्या लागतात, म्हणून एका नावाच्या कॉलमापायी सगळे आकडे मजकूर होऊन बसतात. नवशिके इथेच अडतात, आणि दोष फंक्शनमध्ये शोधत राहतात.

दुसरी अडचण एकच कॉलम निवडताना येते. चौकटी कंसात स्वल्पविराम देऊन निवडला, तर तक्त्याऐवजी नुसत्या सुट्या किमती परत येतात आणि ‘एलअप्लाय’ १५० किमतींवर एकेक करून धावते. स्वल्पविराम गाळला की तक्ता तक्ताच राहतो. बदललेले कॉलम मूळ जागी ठेवायचे असतील, तर डाव्या बाजूलाही तीच निवड लिहून उत्तर तिच्यात भरावे.

निवड क्रमांकाने करण्यापेक्षा नावाने करावी. मधे एक कॉलम वाढला की क्रमांक सरकतात आणि चूक कुठलीही सूचना न देता घडते. ‘आकड्यांचे सगळे कॉलम’ अशी प्रकारानुसार निवड सोयीची खरी, पण पिनकोड आणि परीक्षा-क्रमांकही अंकांतच असतात. त्यांची सरासरी निरर्थक, तरी संगणक ती बिनतक्रार काढून देतो.

आरच्या डीप्लायर पॅकेजमध्ये निवडक कॉलमांना फंक्शन लावण्यासाठी पूर्वी तीन वेगळ्या धाटणीची फंक्शने होती. २०२० च्या १.०.० आवृत्तीपासून ‘अक्रॉस’ने त्यांची जागा घेतली: कोणते कॉलम आणि कोणते फंक्शन, हे एकाच ठिकाणी वाचता येते. मॅट डाउल यांच्या डेटा-टेबल पॅकेजात कॉलमांची निवड वेगळी सांगून ‘एलअप्लाय’च वापरतात. तिथे अपूर्णविराम-बरोबर या चिन्हाने केलेला बदल मूळ तक्त्यातच होतो. मोठ्या तक्त्यांवर त्याने स्मृती वाचते. मात्र जुन्या किमती हव्या असतील, तर ‘कॉपी’ने आधीच प्रत काढावी लागते. आरमधल्या नेमणुकीच्या साध्या बाणाने (<-) दुसरे नाव दिल्याने वेगळी प्रत तयार होत नाही.