जलनिर्जंतुकीकरणाची रसायने आणि सुरक्षितता : उरवडे (ता. मुळशी) दुर्घटनेच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुळशी तालुक्याच्या इतिहासात पाणी हा जुनाच विषय आहे. धरणाखाली जमिनी जाण्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सर्वपरिचित आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी, ७ जून २०२१ रोजी, तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पौडजवळच्या उरवडे येथे एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यास आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १५ स्त्रिया होत्या. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन डायऑक्साइड हे या कारखान्याचे प्रमुख उत्पादन होते. जलशुद्धीकरण व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतील घातक रसायनांच्या सुरक्षिततेचा विचार साधारणतः केंद्राच्या आवारापुरता केला जातो. तो तेवढ्यापुरता पुरेसा आहे काय, हा प्रश्न या घटनेने उभा केला. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

क्लोरीनचा इतिहास दुहेरी आहे. इंग्लंडमधील मेडस्टोन येथे १८९७ साली विषमज्वराच्या साथीत विरंजक चूर्णाने नळयोजना निर्जंतुक करण्यात आली. अमेरिकेतील जर्सी सिटीत १९०८ पासून पाण्यात नियमित क्लोरीन मिसळले जाऊ लागले. याच वायूचा २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून वापर झाला. महाराष्ट्रातील खेड्यांत मात्र क्लोरीन प्रामुख्याने ‘टीसीएल पावडर’ या नावाने पोहोचले आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हाती आले. शहरांतील मोठ्या केंद्रांत ते द्रवरूपात, सुमारे ९०० किलोच्या ‘टनर’मधून येते.

या टनरभोवती सुरक्षिततेचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने गळती झाल्यावर ते जमिनीलगत, सखल भागाकडे पसरते. म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारा पताका-दंड आवारात आवश्यक ठरतो आणि पळताना वाऱ्याला आडवे, उंच जागेकडे जावे लागते. द्रवरूप क्लोरीनचे वायूत रूपांतर होताना आकारमान सुमारे ४६० पट वाढते. त्यामुळे द्रव गळत असेल तर टनर फिरवून छिद्र वरच्या बाजूस आणले जाते, जेणेकरून द्रवाऐवजी वायूच बाहेर पडावा. गळतीचे ठिकाण शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा फिरवतात. क्लोरीन असल्यास पांढरा धूर दिसतो. गळतीच्या जागेवर थेट पाणी मारणे घातक असते, कारण ओलाव्याने आम्ल बनून धातू झिजतो आणि छिद्र मोठे होते. यांपैकी बहुतेक गोष्टी खर्चिक नाहीत. त्या हाताला सवयीच्या असाव्या लागतात, आणि नेमकी तीच सवय कंत्राटी मनुष्यबळावर चालणाऱ्या केंद्रांत टिकवणे अवघड जाते.

कायद्याची चौकट भोपाळनंतर (१९८४) घडली. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ साली आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांसंबंधीचे नियम झाले. या नियमांत क्लोरीनसाठी १० टन आणि २५ टन अशा दोन मर्यादा ठरवल्या गेल्या. नियमांची रचनाच साठ्याच्या वजनावर बेतलेली असल्याने दोन-चार टनर बाळगणारे छोटे केंद्र अधिक कडक तरतुदींच्या बाहेर राहते. वायूला अर्थातच ही मर्यादा ठाऊक नसते. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात १४ जुलै २०१० रोजी १९९७ पासून पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळले आणि शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली.

क्लोरीनला पर्याय शोधण्यामागे आणखी एक कारण होते. क्लोरीनयुक्त पाण्यात क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात, हे हॉलंडमधील योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले. नायगारा फॉल्स येथे १९४४ पासून वापरात असलेल्या क्लोरीन डायऑक्साइडकडे त्यानंतर अधिक लक्ष वळले. मात्र हवेतील प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर गेल्यास हा वायू स्फोटक ठरतो. तो दाबाखाली भरून वाहून नेता येत नाही; वापराच्या जागीच तयार करावा लागतो. यावरचा सोयीचा मार्ग म्हणजे सोडियम क्लोराइट आणि आम्लधर्मी घटक यांची भुकटी वा गोळी पुडीत बांधून देणे. केंद्रातील कर्मचाऱ्याने ती पाण्यात टाकली की काम झाले. टनर, पताका-दंड, श्वसनयंत्र यांची गरज उरत नाही.

धोका मात्र नाहीसा होत नाही, केवळ त्याचे ठिकाण बदलते. सोडियम क्लोराइट तीव्र ऑक्सिडीकारक आहे. कागद, कापड वा अन्य ज्वलनशील पदार्थाशी त्याचा संपर्क आला तर ठिणगी किंवा घर्षणही आगीस पुरेसे होते, आणि अशी आग स्वतःच्या ऑक्सिजनवर वाढते. पुडी बांधण्याच्या खोलीत भुकटी, प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि माणसे एकत्र येतात. हे काम बहुधा स्त्रियांकडे असते, कारण ते ‘हलके’ समजले जाते. उरवडे येथील मृतांमध्ये स्त्रियांची संख्या एवढी मोठी का, याचा उलगडा रसायनशास्त्रापेक्षा श्रमविभागणीच्या इतिहासात अधिक होतो.

या घटनेनंतर पौड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये, तर केंद्राने दोन लाख रुपये साहाय्य जाहीर केले. मृतदेह ओळखण्याच्या स्थितीत नव्हते. पुण्याच्या ससून रुग्णालयात ते नेण्यात आले आणि कोणाचा देह कोणाच्या घरी द्यायचा, हे ठरविण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला.