आउटसोर्सिंग आणि भारताची परदेशातील प्रतिमा : मुंबई-पुण्याचा अनुभव

आउटसोर्सिंग आणि देशप्रतिमा : एखाद्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने आपले काम बाहेरच्या संस्थेकडून, अनेकदा कमी पगार असलेल्या देशातून, करून घेणे म्हणजे आउटसोर्सिंग. या व्यवहारात काम आणि पैसा यांची देवघेव होते. शिवाय काम देणाऱ्या देशातल्या सामान्य माणसाच्या मनात काम करणाऱ्या देशाचे एक चित्रही तयार होते. भारतात कधी न आलेल्या, भारताविषयी फारसे न वाचलेल्या असंख्य अमेरिकन व ब्रिटिश लोकांचा भारतीय माणसाशी पहिला संबंध आला तो 2000 नंतर, क्रेडिट कार्डाच्या किंवा बिघडलेल्या संगणकाच्या तक्रारीसाठी लावलेल्या फोनवर. त्या पाच-दहा मिनिटांवरून त्यांनी एका देशाविषयी मत बनवले. ही कथा सांगताना नेहमी बंगळुरूचे नाव पुढे येते. पण तिची सुरुवात मुंबईत झाली आणि तिचे काही सर्वांत कडू प्रसंग मुंबई, ठाणे आणि पुणे याच पट्ट्यात घडले.

पडद्याआडचे काम : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) 1968 मध्ये मुंबईत स्थापन झाली. फ. च. कोहली यांच्या नेतृत्वाखाली 1974 मध्ये तिला बरोज या अमेरिकन संगणक कंपनीकडून काम मिळाले. त्याच सुमारास, 1973 मध्ये, अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. नरेंद्र पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील आपल्या राहत्या घरात केलेला प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. घरातली एक खोली अमेरिका मानायची, दुसरी भारत. दोन्ही खोल्यांत तोंडी बोलायचे नाही. ‘अमेरिके’ने लेखी सूचना द्यायच्या आणि ‘भारता’ने केवळ त्यांवरून काम पूर्ण करून दाखवायचे. ते जमते अशी खात्री झाल्यावर त्यांनी अमेरिकेतला मजकूर भारतात टंकित करून संगणकयोग्य करून देण्याचा धंदा उभा केला. पुढे याच पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली. दोन वर्षांनी ती बंगळुरूला गेली.

या प्रयोगातली बोलण्याची बंदी ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढची पंचवीसेक वर्षे आउटसोर्सिंग असेच चालले. काम जात होते, येत होते. माणूस दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता. ज्या अमेरिकन ग्राहकाच्या बिलाचा प्रोग्रॅम मुंबईत लिहिला गेला, त्याला त्याचा पत्ताही नव्हता. नव्वदीच्या दशकात, विशेषतः 2000 सालच्या तारखांचा घोळ निस्तरण्याच्या निमित्ताने, प्रोग्रॅमर मोठ्या संख्येने ‘ऑनसाइट’, म्हणजे थेट अमेरिकेतल्या ग्राहकाच्या कार्यालयात, जाऊ लागले. परदेशी तंत्रज्ञांना अमेरिकेत कामाची मुभा देणाऱ्या एच-1बी व्हिसांची एरवी 65,000 असलेली वार्षिक मर्यादा 2001 ते 2003 या आर्थिक वर्षांत 1,95,000 होती. या काळातली प्रतिमा एकंदरीत चांगली होती : गणितात हुशार, कष्टाळू, मितभाषी आणि स्वस्त. यातला शेवटचा शब्द पुढे सगळ्यांत जड ठरला.

आवाज : ब्रिटिश एअरवेजने 1996 मध्ये मुंबईत आपले कार्यालयीन काम करण्यासाठी एक केंद्र काढले. तेच पुढे डब्ल्यूएनएस ही स्वतंत्र कंपनी झाले. नव्या दूरसंचार धोरणानंतर आंतरराष्ट्रीय जोडण्या स्वस्त झाल्या आणि मालाड, विक्रोळी, ठाणे, नवी मुंबई, पुण्यात कल्याणीनगर, हडपसर, हिंजवडी अशा भागांत कॉल सेंटर उभी राहिली. नागपूर, नाशिक, सोलापूर, इंदूर, जबलपूर इथून पदवी घेऊन आलेली मुले-मुली तिथे लागली. न्यूयॉर्कची घड्याळे भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतात. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. त्यामुळे शिफ्ट संध्याकाळी सुरू होई आणि पहाटे संपे. पिकअपची सुमो किंवा क्वालिस गल्लीच्या तोंडाशी थांबली की शेजारीपाजारी काय बोलतात, याची धास्ती विशेषतः मुलींच्या घरच्यांना असे.

कामावर जाण्याआधी प्रशिक्षण असे. उच्चारांतला मातृभाषेचा प्रभाव घालवणे हा त्याचा मोठा भाग. या क्षेत्रात त्या प्रभावाला ‘एमटीआय’ (मदर टंग इन्फ्लुअन्स) म्हणतात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे काढण्यासाठी ओठांचे व्यायाम, अमेरिकन राज्यांची नावे, तिथले सणवार, बेसबॉलचे चार शब्द, इतके सगळे शिकवून झाल्यावर अनेक केंद्रांत फोनसाठी नवे नाव घ्यायला लावत. संतोषचा सॅम होई, प्रियांकाची पॅम. आपण कुठून बोलतो हे ग्राहकाने विचारले तर टाळायचे, असा दंडक कित्येक ठिकाणी होता. समाजशास्त्रज्ञ किरण मिरचंदानी यांनी ‘फोन क्लोन्स’ (2012) या पुस्तकात आणि ए. अनीश यांनी ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ (2015) मध्ये या बदललेल्या आवाजांचा अभ्यास केला आहे.

फसवणुकीचा हेतू त्यामागे नव्हता. काम देणाऱ्या कंपन्यांना आपल्या ग्राहकांची नाराजी नको होती आणि इथल्या कंपन्यांना कंत्राट हवे होते. पण परिणाम व्हायचा तो झालाच. ऐकणाऱ्याला काही वाक्यांतच कळे की हा सॅम सॅम नाही. मग त्याच्या मनात तक्रारीच्या आधी संशय उभा राही.

राजकारण : न्यू जर्सी राज्यात गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या कार्डांविषयी चौकशी करण्याचा फोन 2002 मध्ये मुंबईत उचलला जाऊ लागला. ईफंड्स या कंत्राटदार कंपनीने ते काम इकडे हलवले होते. बेकार झालेल्या अमेरिकन माणसाने मदतीसाठी फोन करावा आणि त्याला उत्तर देण्याची नोकरीही परदेशात असावी, ही गोष्ट तिथल्या लोकांना झोंबली. त्यांचा राग खोटा नव्हता आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. राज्याच्या सिनेटर शर्ली टर्नर यांनी अशा कंत्राटांविरुद्ध विधेयक आणले, सिनेटने ते एकमताने संमत केले. ते विधेयक पुढे अडकले, तरी केंद्र 2003 मध्ये कॅम्डेन या न्यू जर्सीतल्याच शहरात परत नेण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियाना राज्याने टीसीएसच्या अमेरिकन शाखेला दिलेले 1 कोटी 52 लाख डॉलरांचे कंत्राट रद्द केले. ते बेकारभत्त्याचे अर्ज हाताळणाऱ्या संगणकप्रणालीचे होते.

2004 हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष. नोकऱ्या बाहेर नेणाऱ्या कंपनीप्रमुखांना उमेदवार जॉन केरी यांनी अमेरिकन इतिहासातल्या एका प्रसिद्ध फितुराची उपमा दिली. उलट बाजूने, अध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव यांनी आउटसोर्सिंग हा व्यापाराचाच एक प्रकार असल्याचे म्हटले आणि त्यांच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर तुटून पडले. फेब्रुवारी 2004 च्या ‘वायर्ड’ मासिकाच्या मुखपृष्ठावर भारतीय तरुणी होती, तिच्या तळहातावर मेंदीऐवजी संगणकाची आज्ञावली रेखाटलेली. आतल्या लेखात हेक्सावेअर या मुंबईच्या कंपनीत काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमरची ओळख होती. अनेक वर्षे साप, साधू आणि दुष्काळ यांच्यापलीकडे ज्या देशाकडे पाहिले गेले नाही, तो एकाएकी नोकरी हिरावणारा प्रतिस्पर्धी झाला. हाही एका अर्थाने मान होता, पण तो द्वेषासकट आला.

हा द्वेष झेलायला लागला तो फोनवरच्या मुलामुलींना. डिसेंबर 2004 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘पॉवर 99’ या रेडिओ केंद्रावरील निवेदकाने कार्यक्रम चालू असताना भारतातल्या एका कॉल सेंटरला ग्राहक म्हणून फोन लावला आणि उत्तर देणाऱ्या तरुणीला वंशद्वेषी शिव्या घातल्या. ती शांतपणे मदत करायचा प्रयत्न करत राहिली. अमेरिकेतील भारतीयांनी निषेध केल्यावर निवेदकावर किरकोळ कारवाई झाली. कंपनीने त्या तरुणीला फोन आपटायची मुभा दिलेली नसते, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते?

पुण्याचे प्रकरण : एप्रिल 2005 मध्ये एम्फसिस कंपनीच्या पुण्यातील केंद्रात काम केलेल्या काही जणांनी सिटीबँकेच्या न्यूयॉर्कमधील ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतील सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. पुणे पोलिसांनी आरोपींना थोड्याच दिवसांत पकडले. तंत्रज्ञान म्हणून यात काही विशेष नव्हते. गोड बोलून माहिती काढली गेली, इतकेच. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना हवा होता तो पुरावा मिळाला. ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेबाबत कंपन्यांवर स्पष्ट जबाबदारी टाकणारे कलम 43-ए भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आले. तोवर कॉल सेंटरमध्ये मोबाइल, कागद, पेन आत नेण्यावर बंदी आली होती. टेबलावर पाण्याची बाटली आणि हेडफोन सोडून काही नसे. दोन-चार जणांच्या गुन्ह्याची झडती हजारोंनी रोज दारात दिली.

पडद्यावर : ‘आउटसोर्स्ड’ (2006) या जॉन जेफकोट यांच्या चित्रपटात सिॲटलचा एक व्यवस्थापक आपलीच जागा घेणाऱ्यांना शिकवायला भारतात येतो. त्याच नावाची, मुंबईत घडणारी विनोदी मालिका एनबीसी वाहिनीवर 2010-11 मध्ये एक हंगाम चालली. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा (2008) नायक मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये चहा देणारा पोऱ्या आहे. जेफकोट यांच्या चित्रपटाने माणसाला चेहरा आणि घर दिले. मालिका मात्र जेवण, उच्चार आणि डोके हलवण्याच्या सवयीवरचे विनोद करत राहिली.

परत गेलेले फोन : 2011 मध्ये सँटँडर बँकेने ग्राहकांच्या तक्रारींचे कारण देऊन पुणे आणि बंगळुरूची कॉल सेंटर बंद करून काम ब्रिटनमध्ये परत नेले. त्याच वर्षी न्यू कॉल टेलिकॉम या छोट्या कंपनीने आपले काम मुंबईहून लँकेशायरमधील बर्नली या जुन्या गिरणीगावात हलवले. मुंबईतले भाडे आणि पगार वाढल्यावर बर्नली परवडू लागले होते. गिरण्यांच्या चिमण्या विझलेल्या एका शहराकडून काम दुसऱ्या तशाच शहराकडे गेले. फिलिपिन्सने त्याआधीच आवाजाच्या कामात भारताला मागे टाकले होते.

मीरा रोड : ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही इमारतींवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. आतले तरुण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे सांगून तिथल्या लोकांना अटकेची भीती घालत आणि गिफ्ट कार्डांच्या रूपाने पैसे उकळत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरसह 61 आरोपींवर अशाच फसवणुकीचे आरोपपत्र ठेवले. फसलेल्यांत वृद्ध आणि नव्याने अमेरिकेत गेलेले स्थलांतरित यांचा भरणा होता, भारतीय वंशाचेही. आज यूट्यूबवर अशा टोळ्यांना उघडे पाडणारे व्हिडिओ लाखो लोक पाहतात आणि भारतीय उच्चार ऐकला की फोन ठेवतात. बँकेचा खरा कर्मचारीही त्यातून सुटत नाही.

मीरा रोडच्या टोळीने काही नवे शोधून काढले नाही, याची नोंद करणे आवश्यक आहे. इंग्रजी नाव, उसना उच्चार, हातात लिहून दिलेली संवादाची संहिता, ठिकाण लपवण्याची सवय, हे सारे दशकभर सरळमार्गी कंपन्यांनी नोकरीचा भाग म्हणून शिकवलेले होते. गुन्हेगारांनी त्यात खोटा हुद्दा आणि धमकी तेवढी घातली. बाहेर भारताविषयी जो अविश्वास आहे त्यातला मोठा वाटा गुन्ह्यांइतकाच या शिस्तबद्ध लपवाछपवीचा आहे, आणि तिची मागणी परदेशी ग्राहक-कंपन्यांकडून आली होती. भारतीय कंपन्यांनी ती नाकारली नाही, हा त्यांचा दोष.

सद्यःस्थिती : बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी यांसारख्या बँकांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रे आज पुण्यात आहेत. तिथला अभियंता व्हिडिओ कॉलवर लंडनच्या सहकाऱ्याशी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या उच्चारात बोलतो. त्याला कोणी नाव बदलायला सांगत नाही. विशीत ‘सॅम’ असलेल्या माणसाला चाळिशीत ‘संतोष’ म्हणून त्याच कंपनीशी बोलताना काय वाटत असेल, हे विचारण्यासारखे आहे. राजकारण मात्र थांबलेले नाही : सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी अर्जांवर 1,00,000 डॉलरांचे शुल्क जाहीर केले.

या साऱ्या काळाविषयी लिहिले गेले ते बहुतेक इंग्रजीत आणि बहुतेक बाहेरून. रात्रपाळीत आवाज विकलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. त्यांच्या आठवणी, प्रशिक्षणाच्या वह्या, ऐकलेल्या शिव्या आणि परक्या माणसाने मनापासून मानलेले आभार हे सर्व मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांनी मराठीतून नोंदवून ठेवायला हवे, आणि ते लवकर करायला हवे.