ताल-प्रस्तार आणि करण : ‘संगीतरत्नाकरा’तील गणनेचे क्षेत्र

‘संगणकीय विचार’ ही संज्ञा 2006 साली जीनेट विंग यांच्या लेखामुळे विद्यापीठीय चर्चेत रूढ झाली. मोठ्या प्रश्नाचे लहान घटक पाडणे, त्यांना निश्चित नावे देणे, नियमाने त्यांची जुळणी करणे आणि शक्य त्या सर्व जुळण्या क्रमाने मांडणे, या कृतींचा तीत समावेश होतो. अशी पद्धती आपल्या नृत्यशास्त्रात पूर्वीपासूनच होती, असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. ते कितपत टिकते हे पाहावयाचे झाल्यास एखाद्या निश्चित ग्रंथाकडे वळणे श्रेयस्कर होय.

शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ या कामी विशेष उपयुक्त आहे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (सु. 1210 ते 1247) आश्रयास असलेल्या या ग्रंथकाराचे घराणे मूळचे काश्मीरचे; राजदरबारी त्याच्याकडे हिशेबखात्याचा अधिकार होता. सात अध्यायांच्या या ग्रंथात पाचवा तालाचा व सातवा नर्तनाचा आहे. एकाच लेखणीने लिहिलेले हे दोन अध्याय शेजारी ठेवले म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होऊ लागते.

ताल हा हाताच्या क्रियेने दाखविला जातो. म्हणजे तोही देहाच्या हालचालीतूनच प्रकट होतो. त्याचे द्रुत, लघु, गुरू व प्लुत हे चार घटक द्रुताच्या मापाने अनुक्रमे 1, 2, 4 व 6 इतके होतात. दिलेल्या एकूण कालात या घटकांच्या किती रचना संभवतात? शार्ङ्गदेवाचा नियम असा, की मागील संख्यांपैकी शेवटची, उपांत्य, चौथी व सहावी यांची बेरीज केल्यास पुढील संख्या मिळते. त्यामागील युक्ती सरळ आहे : रचनेचा अंतिम घटक या चारांपैकीच एक असणार; तो वगळला की उरलेल्या कालाची मोजणी आधीच झालेली असते. त्यानुसार 1 द्रुतापासून 7 द्रुतांपर्यंत 1, 2, 3, 6, 10, 19, 33 अशी संख्यामाला येते. 4 द्रुतांच्या सहा रचना बोटांवरही पडताळता येतात : एक गुरू; दोन लघू; एक लघू व दोन द्रुत यांचे तीन क्रम; आणि चार द्रुत. याखेरीज क्रमांकावरून रचना शोधणे हे ‘नष्ट’ आणि रचनेवरून क्रमांक शोधणे हे ‘उद्दिष्ट’, असे परस्परविरुद्ध दिशांचे विधीही तेथे दिले आहेत. छंदःशास्त्रातील लघु-गुरूंच्या प्रस्ताराचा हा विस्तार होय. वर सांगितलेल्या चारही कृती येथे निःसंशय आढळतात.

नर्तनाध्यायात चित्र निराळे आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या चौथ्या अध्यायात हस्त व पाद यांच्या संयोगास ‘करण’ म्हटले असून अशी 108 करणे दिली आहेत. दोन करणांची मातृका, आणि सामान्यतः सहा ते नऊ करणांचा अंगहार, अशी चढती रचना असून अंगहार 32 सांगितले आहेत. शार्ङ्गदेवही हीच परंपरा पुढे चालवितो. घटक, नाव आणि जुळणी ही तीनही अंगे येथे आहेत. तथापि तालाध्यायासारखा संख्या काढण्याचा नियम मात्र येथे येत नाही. पुनरुक्ती धरून केवळ सहा करणांचे क्रम मोजले तरी ते दीड लाख कोटींहून अधिक भरतात. त्या अफाट शक्यतांपुढे ग्रंथात नामनिर्देश होतो तो 32 रचनांचा.

हा फरक ग्रंथकाराच्या गणिती असामर्थ्याने पडला असे म्हणता येत नाही. कारण तालाध्याय त्याच्याच हातचा आहे. अधिक संभाव्य कारण विषयाच्या स्वरूपात दिसते. लघूनंतर गुरू येवो अथवा द्रुत, काल त्याला आडकाठी करीत नाही. करणाचे तसे नाही. एक करण संपते तेव्हा शरीराचा भार एका ठराविक पायावर असतो, हात एका ठराविक स्थितीत असतात. पुढील करणाला तेथूनच आरंभ करावा लागतो. म्हणून कोणत्याही करणापुढे कोणतेही करण सारख्याच सहजतेने ठेवता येत नाही. कोणता क्रम साधतो व शोभतो, याचा निर्णय नर्तकाच्या अभ्यासाने होतो, आणि अंगहारांची यादी म्हणजे अशा निर्णयांचा संचय होय.

तेव्हा प्रारंभीचे विधान अर्धेच ग्राह्य ठरते. तालाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे आणि त्यास आकड्यांचा आधार आहे. देहाच्या चलनाबाबत मात्र वर्गीकरण व रचना यांपुढे ते नेता येत नाही. अभ्यासकाने ही सीमा पुसून टाकल्यास शार्ङ्गदेवाच्या पदरी न केलेल्या गणिताचे श्रेय पडेल आणि केलेल्या गणिताकडे दुर्लक्ष होईल. शिवाय सर्व शक्यता मोजणे आणि त्यांतून निवडणे या दोन वेगळ्या विद्या एकाच ग्रंथात शेजारी नांदत होत्या, ही गोष्टही दृष्टीआड होईल.