किरणोत्सर्गी मागोवा-द्रव्यांच्या मात्रेचे मापन

वैद्यकीय प्रतिमादर्शनासाठी रुग्णाच्या शरीरात सोडावयाच्या किरणोत्सर्गी द्रव्याची सक्रियता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या अणुकेंद्रीय विघटनांची संख्या, निश्चित करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. मात्रा कमी पडल्यास प्रतिमा अस्पष्ट येते व तपासणी पुन्हा करावी लागते. अधिक झाल्यास रुग्णाला अकारण प्रारण सोसावे लागते. हे द्रव्य तराजूवर तोलता येत नाही. त्याचे वस्तुमान नगण्य असते, शिवाय ते क्षणोक्षणी घटत असते. त्यामुळे या मापनाचा इतिहास बराचसा एककांचा व प्रमाणकांचा इतिहास आहे. [⟶ किरणोत्सर्ग].

प्रारंभीचे मापन रेडियमभोवती घोटाळत होते. १९१० मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत एक ग्रॅम रेडियमाशी समतोलात असणाऱ्या रेडॉनाच्या राशीस ‘क्यूरी’ हे नाव देण्यात आले. त्यानंतर मारी क्यूरी यांनी सु. २२ मिग्रॅ. रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद करून आंतरराष्ट्रीय प्रमाणक तयार केले. १९१२ मध्ये पॅरिस येथे व्हिएन्नाच्या प्रमाणकांशी त्याची तुलना करण्यात आली. दोन्हींपासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी हवेत होणारे आयनीभवन ताडून पाहिले असता ती समाधानकारक जुळली. अज्ञात नमुन्याची ज्ञात नमुन्याशी आयनीभवनाद्वारे तुलना करण्याचे हेच तत्त्व आजच्या रुग्णालयीन उपकरणातही आहे.

मागोवा-तंत्राचा जन्म एका अपयशातून झाला. मँचेस्टर येथे रदरफर्ड यांनी गेओर्ग हेव्हेशी यांना शिशातून ‘रेडियम डी’ वेगळे काढण्याचे काम सोपविले होते. ते रासायनिक रीत्या वेगळे होईना, कारण ते शिशाचाच समस्थानिक होते. जे वेगळे होत नाही, त्याचा उपयोग शिशाची खूण म्हणून करता येईल, हे ओळखून हेव्हेशी व फ्रिट्स पानेट यांनी १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे पहिले मागोवा-प्रयोग केले. पुढे १९२० नंतरच्या दशकात बॉस्टन येथे हर्मन ब्लुमगार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दंडाच्या नीलेत ‘रेडियम सी’ टोचून ते दुसऱ्या दंडात किती वेळाने पोहोचते हे मोजले व रक्ताभिसरणाचा वेग ठरविला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या प्रयोगांत मात्रेचे निरपेक्ष मूल्य माहीत असण्याची फारशी गरज नव्हती. ब्लुमगार्ट यांना केवळ आगमनाची वेळ हवी होती. अवटू ग्रंथीने किती आयोडीन शोषले हे पाहतानाही मानेवरील गणना व दिलेल्या मात्रेइतक्याच दुसऱ्या नमुन्याची गणना यांचे गुणोत्तर पुरते. गणित्रातील दोष दोन्हीकडे सारखाच असल्याने तो भागाकारात नाहीसा होतो. निरपेक्ष मापनाची निकड भासली ती आयोडीन–१३१ हे उपचारासाठीही वापरले जाऊ लागल्यावर. १९३८ मध्ये शोधलेले व सु. ८ दिवसांचा अर्धायुकाल असलेले हे द्रव्य १९४६ पासून अमेरिकेतील ओक रिज येथील अणुभट्टीतून उपलब्ध होऊ लागले. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मोजलेले ‘मिलिक्यूरी’ एकमेकांशी जुळत नसल्याने राष्ट्रीय संस्थांना प्रमाणित नमुने पुरवावे लागले. १९५० मध्ये क्यूरीची व्याख्या रेडियमापासून तोडून दर सेकंदाला ३·७ × १०<sup>१०</sup> विघटने अशी केली गेली. १९७५ मध्ये दर सेकंदाला एक विघटन दर्शविणारे ‘बेक्‌रेल’ हे एकक स्वीकारले गेले; एक मिलिक्यूरी म्हणजे ३७ मेगॅबेक्‌रेल.

परंतु निरपेक्ष गणना करावयाची कशी? कोणताही गणक सर्व विघटने टिपत नाही, आणि किती सुटली हे त्याला स्वतःला कळत नाही. यावरील तोड हान्स गायगर व वेर्नर यांनी १९२४ मध्ये वापरली. पडद्यावरील त्याच ठिणग्या दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे मोजावयाच्या. समजा, एकाने ८०, दुसऱ्याने ७५ व दोघांनी मिळून एकाच वेळी ६० पाहिल्या, तर खऱ्या ठिणग्या ८० × ७५ ÷ ६० म्हणजे १०० ठरतात. निरीक्षकांची दृष्टी कितपत तीक्ष्ण आहे हे माहीत नसले तरी चालते! पुढे निरीक्षकांच्या जागी बीटा व गॅमा गणक आले आणि ही संपात पद्धत प्रमाणन प्रयोगशाळांचा मुख्य आधार बनली.

रुग्णालयात मात्र असे मापन शक्य नसते. तेथे विहिरीच्या आकाराची, दाबाखालील वायूने भरलेली आयनीभवन कोठी वापरतात. कुपी किंवा सिरिंज विहिरीत सोडली की वायूतून सूक्ष्म विद्युत् प्रवाह वाहतो. त्या विशिष्ट समस्थानिकासाठी ठरविलेल्या गुणांकाने त्याचे सक्रियतेत रूपांतर होते. टेक्नेशियम–९९ एमच्या प्रसारानंतर हे उपकरण अपरिहार्य झाले. ब्रुकहेवन येथे १९५०–६० या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या जनित्रात ६६ तास अर्धायुकालाच्या मॉलिब्डेनम–९९ पासून हे द्रव्य रोज ‘दोहून’ काढता येते. त्याचा अर्धायुकाल केवळ ६ तास आहे. सकाळी ८ वाजता मोजलेल्या मात्रेपैकी ११ वाजता सु. ७१ टक्केच उरते. अर्थात कारखान्याच्या चिठ्ठीवर विसंबणे अशक्य झाले व मात्रा तेथल्या तेथे मोजणे भाग पडले. दोहलेल्या द्रवात मॉलिब्डेनम उतरले नाही ना, हेही याच कोठीत तपासतात. कुपी शिशाच्या आवरणात ठेवली असता टेक्नेशियमाचे १४० किइव्हो. ऊर्जेचे किरण अडतात, तर मॉलिब्डेनमाचे अधिक भेदक किरण आवरण भेदून बाहेर येतात.

गुणांक चुकला की सर्वच चुकते, आणि तो पात्रावरही अवलंबून असतो. आयोडीन–१२३ व इंडियम–१११ यांपासून निघणारे दुर्बल क्ष-किरण काचेत बरेच शोषले जातात, प्लॅस्टिकमध्ये कमी. म्हणून कुपीसाठीचा गुणांक सिरिंजला लावल्यास मोठी चूक संभवते. विहिरीत तांब्याचे अस्तर घालून हे किरण आधीच गाळून टाकणे हा त्यावरील एक उपाय होय. फ्ल्युओरीन–१८ वापरून केलेल्या पॉझिट्रॉन प्रतिमादर्शनात ऊतकातील सक्रियतेला टोचलेल्या सक्रियतेने भागतात. त्यामुळे कोठीतील दोष थेट निदानाच्या आकड्यात उतरतो. अर्बुद औषधाला दाद देते की नाही, हे त्याच आकड्यावरून ठरवावयाचे असते. कोठीजवळील व कॅमेऱ्यावरील घड्याळांत १० मिनिटांचा फरक असला, तरी हा आकडा सु. ६ टक्क्यांनी ढळतो.

प्रमाणकही निर्दोष असतेच असे नाही. अस्थींत पसरलेल्या कर्करोगावरील रेडियम–२२३ या औषधाचे अमेरिकेतील राष्ट्रीय प्रमाणक पुन्हा तपासले असता आधीचे मूल्य सु. १० टक्क्यांनी कमी आढळले, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तदनुसार विहित मात्रा दर किग्रॅ. वजनामागे ५० वरून ५५ किलोबेक्‌रेल अशी लिहिली जाऊ लागली. रुग्णाला मिळणारे द्रव्य पूर्वीइतकेच राहिले. चिकित्सेच्या चाचण्या जुन्या आकड्यावर झालेल्या असल्याने ही दुरुस्ती आवश्यक होती. अशा विसंगती उघडकीस याव्यात म्हणून सेव्हर येथील आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालयात १९७६ पासून आयनीभवन कोठ्यांची एक संदर्भ-प्रणाली चालविली जाते. निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळा आपले नमुने तेथे तुलनेसाठी पाठवितात.

भारतात या कार्याचे केंद्र मुंबई आहे. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली व पुढे तेथूनच रुग्णालयांना समस्थानिकांचा पुरवठा होऊ लागला. १९६३ मध्ये परळ येथे प्रारण वैद्यक केंद्र स्थापन झाले. प्रारण-मापनाची राष्ट्रीय प्रमाणके भाभा अणुसंशोधन केंद्र सांभाळते. देशातील अणुकेंद्रीय वैद्यक विभागांना आयोडीन–१३१ चे नमुने पाठवून त्यांच्या मापनाची पडताळणीही हे केंद्र करते. विभागाने कळविलेले मूल्य केंद्राच्या मूल्याशी ताडले जाते. त्यात अवाजवी तफावत आढळल्यास तेथील कोठीचा गुणांक पुन्हा ठरवावा लागतो.