घोड्याच्या पाठीवरचा उपचार : इतिहास काय सांगतो?

युसूफ वडगाव असो की केज, आपल्या भागात घोडा म्हटले की वरात आठवते, नाहीतर नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा. पण अलीकडे मोबाईलवर वेगळेच व्हिडिओ फिरतात. हातपाय कडक असलेले मूल घोड्यावर बसले आहे आणि खाली लिहिले आहे, ‘घोड्यामुळे मूल चालू लागले!’ अपंग मुलांचे आईवडील मग हमखास विचारतात, ‘डॉक्टर, आमच्याही लेकराला घोड्यावर बसवू का?’ याचे उत्तर समजून घ्यायचे तर या उपचाराची सुरुवात कशी झाली ते पाहावे लागेल.

पोलिओ झालेली स्वार

डेन्मार्कमधील लिस हार्टेल ही नामांकित घोडेस्वार होती. 1944 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, गरोदर असतानाच तिला पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मले, पण तिचे हातपाय लुळे पडले होते. आई आणि नवरा यांच्या मदतीने तिने घरीच व्यायाम सुरू केला. आधी हात उचलणे, मग रांगणे, मग कुबड्या घेऊन चालणे. गुडघ्याखालची ताकद मात्र कधीच परत आली नाही. तरी ती पुन्हा घोड्यावर बसली. चढायला आणि उतरायला तिला दुसऱ्याचा हात लागे.

1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ‘ड्रेसाज’ या शिस्तबद्ध घोडेस्वारीच्या प्रकारात महिलांना प्रथमच पुरुषांच्या बरोबरीने उतरू दिले गेले. जुबिली नावाच्या घोडीवर लिसने रौप्यपदक जिंकले. सुवर्णविजेता स्वीडनचा हेन्री सेंट सीर याने तिला हात देऊन विजयमंचावर चढवले. 1956 मध्ये तिने पुन्हा रौप्यपदक मिळवले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लिसचे पाय घोड्याने बरे केले नव्हते. पदक मिळाले तेव्हाही तिला धड चालता येत नव्हते. पण उरलेली ताकद वापरून ती काय करू शकते, हे जगाने पाहिले. पुढे युरोपातील फिजिओथेरपिस्ट मुलांसाठी घोड्याचा उपयोग करू लागले. 1969 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत अशा उपक्रमांच्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. आजही जगात अशी कितीतरी छोटी केंद्रे एखादे कुटुंबच चालवते. घोडे घरचे, राबणारे हात घरचे आणि शेजारपाजारचे, आणि सोबत प्रशिक्षित थेरपिस्ट.

घोडा नेमके काय करतो?

या उपचाराला ‘हिप्पोथेरपी’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. घोडा संथ चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. आपण स्वतः चालताना कंबर जवळपास अशीच हलते. ज्या मुलाने कधी पाऊलच टाकले नाही, त्याच्या शरीराला ही लय घोड्यावर अनुभवता येते. दर पावलागणिक तोल सावरावा लागतो, त्यामुळे पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना काम मिळते.

आपल्याकडे 1995 मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आज हा प्रश्न विचारणाऱ्या घरांत बहुधा सेरेब्रल पाल्सीचे किंवा स्वमग्न मूल असते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये या उपचाराने बसण्याचा तोल व शरीराची ठेवण सुधारू शकते, असे अभ्यासांत दिसले आहे. मेंदूला झालेली इजा मात्र त्याने भरून येत नाही. ‘हमखास चालवून दाखवतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तिथून परत फिरा.

वरातीचा घोडा चालेल का?

नाही. उपचाराचा घोडा शांत स्वभावाचा आणि त्यासाठीच शिकवलेला असतो. एक जण घोडा धरतो, दोघे दोन्ही बाजूंनी मुलाला आधार देत चालतात आणि थेरपिस्ट लक्ष ठेवतो. डोक्यावर हेल्मेट असते. पुढील अडचणी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला घोड्यावर मुळीच बसवू नका :

- आटोक्यात नसलेले झटके (फिट)
- खुब्याचा निखळलेला सांधा
- पाठीच्या कण्याला मोठा बाक
- ठिसूळ हाडे
- बसून बसून झालेल्या जखमा
- डाउन सिंड्रोम (यात मानेच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून आधी तपासणी हवी)

घोड्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण असावे.

मग आपण काय करायचे?

लिस घोड्यावर बसली ती नंतर. त्याआधी घरात रोजचा व्यायाम झाला होता, आणि तो करायला घोडा लागत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलाला दाखवा. फिजिओथेरपिस्टकडून पाच-सहा व्यायाम स्वतः शिकून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही शिकवा.

बीड जिल्ह्यात हे दुसरे माणूस फार महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात, मूल आजीजवळ राहते आणि व्यायाम महिनोन् महिने बंद पडतो. तेवढ्या काळात स्नायू आखडतात, सांधे वाकतात. म्हणून कारखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वी आजीला दवाखान्यात सोबत आणा. हात कसा धरायचा, पाय किती ताणायचा, कुठे थांबायचे, हे तिला स्वतःच्या हाताने करून पाहू द्या. मूल सोबत फडावर येणार असेल, तर कोपीवर करता येतील असे व्यायाम विचारून घ्या.

पुढेमागे चांगल्या केंद्रात घोड्यावर बसण्याची संधी मिळाली, तर जरूर विचारा. मुलाला त्यात मजा येते, हेही काही कमी नाही. पण तोवर रोजचा अर्धा तास चुकवू नका.